दोन खांद्यांचं माप

मी लेडीज टेलर आहे. अमरावतीत राजापेठेच्या आतल्या गल्लीत, दोन ट्यूशन क्लासच्या मधे माझं दुकान आहे. बायका म्हणतात, माझ्या ब्लाऊजचा गळा खांद्यावरून घसरत नाही. खरंच घसरत नाही. त्यामागं एक पद्धत आहे, आणि ती माझी आहे असं मी वीस-बावीस वर्षं सांगत आलो. ती माझी नाही. माझ्या वहिनीची आहे.

एवढी चार वाक्यं लिहायला मला दोन महिने लागले. मी बोलका माणूस नाही. टेप, खडू आणि "शनिवारी या" एवढ्यावर माझं दुकान चालतं. घरातही मुलं म्हणतात की बाबांना बोलायचं असलं की ते आधी चष्मा पुसतात. तर चष्मा पुसून झालाय.

आमचं मूळ घर अकोल्याचं. वडील टेलर होते; शर्ट, पँट, शाळेचे गणवेश. त्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते कापड दुमडायला. कापडाची मधोमध घडी घालायची, घडीवर पाठीचा कणा धरायचा आणि अर्ध्या माणसाचा आकार काढायचा. एक खांदा, एक मुंढा म्हणजे बाही जोडायचा घेर, अर्धा गळा. मग दोन्ही थर एकदम कापायचे आणि घडी उघडायची. आख्खा माणूस तयार. मला ते लहानपणी जादूसारखं वाटे. पुढं शिवणाच्या क्लासमध्ये गेलो तिथंही वर्तमानपत्राच्या कागदावर अर्धंच माणूस काढायला शिकवलं. आमचा सगळा धंदा त्या घडीवर उभा आहे. माणसाची डावी बाजू उजवीसारखी असते, हे आम्ही कोणी कधी तपासून पाहिलं नव्हतं.

वडील लवकर थकले. मोठा भाऊ नोकरीत गेला आणि दुकान माझ्याकडं आलं. त्याच सुमारास भावाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली.

तिचं माहेर कौंडण्यपूरच्या अलीकडं, वर्धा नदीच्या काठावर. बागाईत करणारे लोक. वांगी, दोडकी, पडवळ, दसऱ्याला झेंडू. सातवीपर्यंत शाळा. आमच्या घरी आल्यावर कडा हातानं शिवायची तुरपाई आणि हूक-काजं तिच्याकडं आली, म्हणजे आपोआपच आली, कोणी तिला विचारलं नाही. दुपारी खिडकीत बसून ती माझे ब्लाऊज मांडीवर घ्यायची आणि दिवस कलेपर्यंत सुई चालवायची.

तिची नजर वेगळी होती, हे मला सुरुवातीलाच कळायला पाहिजे होतं. ती एक शब्द फार वापरायची, घाट. भांड्याचा घाट आपण म्हणतो, दागिन्याचाही म्हणतो. ती कपड्यालाही म्हणायची आणि माणसाच्या चालीलाही. बाजारात ढिगातून वांगं उचलताना ते एकदा फिरवून बघायची आणि म्हणायची, "याचा घाट बसका हाय, बिया निघतीन." बिया निघायच्या. शेजारच्या मुलीला मी एकदा फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक शिवला, मोठ्या हौसेनं. मुलगी अंगणात गिरकी घेऊन गेली. वहिनी दारातून बघत होती.

"कसा झाला?" मी विचारलं.

"कागदावर चांगला दिसत असन," ती म्हणाली आणि भाकरी उलटायला आत गेली.

तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, आकार आणि घाट यातला फरक इतक्या थोडक्यात मला पुढं कुठल्याच पुस्तकानं सांगितला नाही. आकार सपाट असतो, खडूनं काढता येतो. घाट तो आकार अंगावर चढून उभा राहिल्यावर कळतो, पुढून, मागून, बाजूनं. माझ्या फ्रॉकचा आकार सुंदर होता. त्या बारक्या मुलीच्या अंगावर त्या बाह्या अशा दिसत होत्या जशा दोन टोपल्या कोणी तिच्या खांद्यांना लटकवल्यात.

मग ती भाजीवाली आली. अकोल्याबाहेरच्या एका खेड्यातून रोज पहाटे निघून ती आमच्या मोहल्ल्यात भाजी घेऊन फिरायची. उजव्या कमरेवर टोपली, तिच्याभोवती उजवा हात, डावा हात मोकळा. पुतणीच्या लग्नासाठी तिनं माझ्याकडं ब्लाऊज टाकला होता. तो तिनं तीनदा परत आणला.

"डाव्या खांद्यावरून पडते हे," ती म्हणाली.

पहिल्यांदा मी गळा आवळला. दुसऱ्यांदा पट्टी बदलली. तिसऱ्यांदा डाव्या खांद्याच्या आत कापसाची जाड गादी शिवून दिली. ती घालून ती आरशासमोर उभी राहिली, बोटानं गादी दाबली आणि मला म्हणाली, "उशी कायले टाकली, मास्तर? मी का झोपून राहिली?"

घरातले सगळे हसले. मी नाही हसलो. वहिनीनं तिला आत अंगणात बोलावलं, चहा दिला. दोघींची बागाईतल्या गोष्टींवर बरीच लांबण लागली. कोणत्या वाणाला कीड लागते, कोणती लवकर सुकते. मग वहिनीनं तुरपाईचा दोरा घेतला, अंगणातला एक छोटा गोटा त्याच्या टोकाला बांधला. तिच्या माहेरी कोवळ्या पडवळाच्या टोकाला असाच दगड बांधतात, म्हणजे ते वेटोळं न होता सरळ खाली वाढतं. तिचे वडील मांडवाखालून फिरत एकेका पडवळाला दगड बांधत आणि ती त्यांच्यामागं दगडांची ओंजळ घेऊन चाले. ते तिनं मला नंतर सांगितलं.

तिनं दोऱ्याचं वरचं टोक भाजीवालीच्या मानेमागच्या हाडावर धरलं. गोटा झुलला आणि थांबला.

"पाहा भाऊजी," ती म्हणाली.

मी पाहिलं. दोरा सरळ होता. पाठ दोऱ्याखाली नव्हती. कणा वरून निघून डावीकडं गेला होता आणि खाली परत आला होता. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. उजवीकडची पाठ भरलेली, डावीकडची बसकी. तीच बाई मी तीनदा टेप लावून मोजली होती. टेपनं मला छाती सांगितली, कंबर सांगितली, पाठीची उंची सांगितली. हे सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मी अर्धी बाई मोजत होतो आणि दुसरी अर्धी घडीनं बनवत होतो.

वहिनीनं उरलेलं कापड घेतलं. मी सवयीनं दुमडायला गेलो. तिनं माझा हात बाजूला केला, कापड ओसरीच्या फरशीवर पूर्ण उघडं पसरलं, आणि पाठ काढली. डावी वेगळी, उजवी वेगळी. डावा खांदा उतरता, उजवा मुंढा मोठा, गळ्याची उजवी बाजू लांब.

"वयनी, हे वाकडं दिसून राहिलं," मी म्हणालो. खरंच एखाद्या पोरानं कागद फाडावा तसं दिसत होतं.

"फरशी घालनार हाय का हे?" ती म्हणाली. "त्या बाईच्या अंगावर पाहा."

तसाच कापून शिवलेला तो ब्लाऊज संध्याकाळी भाजीवालीनं घातला. मी आजवर इतके कपडे पाहिले, शिवले, मोठ्या शहरांतल्या दुकानांच्या काचांतून टक लावून बघत उभा राहिलो, पण त्या दिवशी ओसरीत जे पाहिलं तसं परत क्वचित दिसलं. फरशीवर वाकडा असलेला तो तुकडा त्या वाकड्या पाठीवर चढला आणि दोन्ही मिळून सरळ झाले. खांदा लपला नव्हता. आहे तिथंच होता, दोन बोटं खाली. पण आता तो चुकल्यासारखा दिसत नव्हता. त्या बाईनं टोपली कमरेवर घेतली, दारापर्यंत चालत गेली, वळली आणि हात वर करून निघून गेली. गळा जागच्या जागी.

वहिनी तुरपाईला बसली होती. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

माझं लग्न झालं, सासुरवाडी अमरावतीची, आणि मी अमरावतीला दुकान काढलं. इथं माझ्याकडं शिक्षिका येऊ लागल्या, बँकेतल्या बायका, नर्स, कॉलेजच्या मुली. मला आधी वाटलं होतं की दोन खांदे वेगळे असणं हे टोपलीवालीचंच दुखणं. दोरा लावू लागलो तसं कळलं, सगळ्यांचंच आहे. कोणी एकाच खांद्यावर पर्स अडकवते, कोणी वर्षानुवर्षं मूल एकाच कडेवर घेते, कोणी फळ्यावर लिहून लिहून उजवीकडं उंच होते. बाई जे काम करते ते तिच्या पाठीवर दिसतं. मी प्रत्येकीचं कापड उघडं पसरून कापत गेलो. वेळ दुप्पट लागतो, कापड जास्त लागतं. पण गळा घसरत नाही, बाही ओढत नाही, हात वर केला की पाठ वर येत नाही. हळूहळू नाव झालं. मी दोरा-गोटा बाजूला ठेवून हार्डवेअरच्या दुकानातून पितळेचा ओळंबा आणला. दिसायला बरा.

एका दिवाळीच्या आधी इथल्या एका छोट्या वर्तमानपत्राचा माणूस दुकानात आला. गर्दी होती. बाकावर तीन-चार गिऱ्हाइकं बसलेली. त्यानं ओळंबा हातात घेतला आणि विचारलं, "ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?"

मला आठवतं, मी चष्मा काढला. पुसला. आणि म्हणालो, "समोर इमारतीचं काम चालू होतं. गवंडी भिंतीला ओळंबा लावत होता. वाटलं, माणसाला का लावू नये."

इतकं सहज निघालं. मागं घ्यायचं म्हटलं असतं तर एक क्षण होता. तो माणूस लिहून घेत होता, बाकावरची एक बाई म्हणाली, "वा, मास्तर," आणि तो क्षण गेला. पुढं ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की मला त्या गवंड्याचा चेहराही दिसायला लागला, डोक्याला गमछा, मिशीला सिमेंट. तो कधी नव्हताच.

बातमी आली, फोटोसकट. अकोल्याला भावानं तिला फ्रेम केली आणि बैठकीत लावली. भावाचं माझ्यावर फार प्रेम. मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा वहिनीनं पाटोड्याची भाजी केली होती. ताट वाढताना म्हणाली, "फोटो चांगला आला, भाऊजी." बस. ती फ्रेम तीच पुसायची.

हे एवढंच असतं तर कदाचित मी आजही गप्प राहिलो असतो. माझ्यासारख्या माणसाला गप्प राहणं जड जात नाही. पण त्याचं पुढं जे झालं ते मी डोळ्यानं पाहिलं आणि कानानं ऐकलं. एकदा नाही, अनेकदा. कोणाच्या लग्नात वहिनी म्हणायची, "नवरीच्या घागऱ्याचा घाट नाई बसला," की भाऊ लगेच म्हणायचा, "तुले त्यातलं काय समजते? तू काजं कर. माह्या भावाले विचार." आणि माझ्याकडं बघून हसायचा, कौतुकानं. मी समोर बसलेला असायचो. तोंडात चिवडा असायचा. चावत राहायचो.

एक काळ असा आला की वहिनी बोलेनाशीच झाली. कपडा असो, भांडं असो, कशावरही नाही. तिला दिसायचं थांबलं नसणार. सांगायचं थांबलं. घाट हा शब्द आमच्या घरातून गेला आणि मीच तो घालवला, हे मला कळत होतं. अमरावतीहून अकोल्याला जाणं मी कमी केलं. कामाचं निमित्त सांगायचो.

गेल्या वर्षी अकोल्याच्या एका कॉलेजातून फोन आला. तिथं फॅशन डिझाइनचा कोर्स आहे. तिथल्या मॅडमना माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मुलींना शेप आणि फॉर्म शिकवतोय, तुम्ही प्रत्यक्ष करून दाखवा. मी काहीतरी कारण सांगणार तेवढ्यात भावाला कुठून तरी कळलं. त्याचा फोन आला, "मी येतो. हिलेही घेऊन येतो. तिले समजू दे, तुरपाईच्या पुढं काय असते."

मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि ठरवलं की सांगायचं, तिच्यासमोर, त्याच्यासमोर, त्या मुलींसमोर. बडनेऱ्याहून गाडीत बसलो आणि वाक्य तयार करायला लागलो. मूर्तिजापूरपर्यंत वाक्य पाठ झालं. अकोल्याला उतरलो तेव्हा वाटत होतं, आज नको, आज त्यांच्या कॉलेजात तमाशा कशाला, घरी निवांत सांगू.

वर्गात वीस-पंचवीस मुली होत्या, मागच्या बाकावर भाऊ आणि वहिनी. मॅडम फार छान शिकवत होत्या. त्यांनी भिंतीवर एक वर्तुळ दाखवलं आणि मग संत्रं दाखवलं. म्हणाल्या, वर्तुळ हा आकार, संत्रं हा घाट. (त्या फॉर्म म्हणाल्या, मला मनात वहिनीचाच शब्द ऐकू आला.) मग एका मुलीनं गोल कापलेलं कापड आणलं, मधे भोक पाडलं, दुसरीच्या कमरेला लावलं आणि त्या सपाट वर्तुळाच्या लाटाच लाटा झाल्या. मी हे रोज करतो, अंब्रेला कट म्हणून. तरी पाहत राहिलो. एवढं साधं कापड, कुठं गोल, कुठं तिरपं कापलं तर बाईची उंची बदलते, चाल बदलते. आपण असल्या कामात आहोत याचं मला त्या दिवशी नव्यानं बरं वाटलं.

माझी पाळी आली. मी डमीच्या मानेवर ओळंबा धरला. तो बरोबर मधोमध आला. डमीच ती, दोन्ही खांदे सारखे.

"सर, यात फरक कुठं आहे?" पुढच्या रांगेतली मुलगी म्हणाली.

"खरं माणूस पाहिजे," मी म्हणालो. मुली एकमेकींना ढकलायला लागल्या, कोणी उठेना. तेव्हा वहिनी उठली. भाऊ तिला "तू कुठं?" म्हणेपर्यंत ती पुढं आली, पदर खांद्यावरून पुढं घेतला आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली.

मी ओळंबा लावला.

इतक्या वर्षांत मी हजारो पाठी पाहिल्या, ही कधी पाहिली नव्हती. उजवा खांदा पुढं आणि खाली आलेला, मान तिकडंच झुकलेली. खिडकीतल्या उजेडाकडं वळून, मांडीवरच्या कापडावर वाकून, सुई ओढून ओढून झालेला घाट. आमच्या दुकानाची तुरपाई. माझी काजं. आणि त्या पाठीवर तिचा साधा तपकिरी सुती ब्लाऊज असा बसला होता की कुठं एक सुरकुती नव्हती. दोन्ही मुंढे वेगवेगळे. गळा जागेवर.

मुली जवळ आल्या. कोणी मोबाईलवर फोटो काढायला लागली. त्या पुढच्या रांगेतल्या मुलीनं विचारलं, "सर, हा तुम्ही शिवलाय?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांनी स्वतः शिवलाय. आणि ही पद्धत पण त्यांचीच आहे. त्यांनी मला आमच्या घरी अंगणात दाखवली, दोऱ्याला गोटा बांधून. मी ती माझी म्हणून सांगत आलो. गवंडी वगैरे कोणी नव्हता."

गाडीत पाठ केलेलं वाक्य हे नव्हतं. ते बरंच बरं होतं. मॅडम भिंतीवरच्या चित्राकडं बघायला लागल्या. भावाकडं मी बघितलंच नाही. वहिनी माझ्याकडं पाठ करूनच उभी होती. हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमचा हात हलून राहिला. गोटा डुलते मंग."

मुली हसल्या. मग तिनंच कापड मागितलं, घडी उघडली, टेबलावर पसरलं. पुढचा पाऊण तास ती बोलत होती, आधी दबकत आणि नंतर थांबेना. मुली तिला मावशी म्हणायला लागल्या. एकीला तिनं सांगितलं, "तुही बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत जाय, नाईतर तुह्या सासूले दोन मापाचे पोलके शिवा लागतीन." मी बाजूला उभा राहून खडू देत होतो.

घरी आल्यावर भाऊ जेवला नाही. ताट बाजूला सारून म्हणाला, "अबे, मले कावून नाई सांगतलं? मी इतके वर्षं हिले…"  मी म्हणालो, चूक माझी आहे. वहिनीकडं वळून म्हणालो, "वयनी, माफ करा मले."

ती ताक घुसळत होती. म्हणाली, "बाकी जाऊ द्या. पन थो गवंडी कायले आनला मधात? त्यानं का पोलकं घातलं होतं?"

मला हसू आलं आणि रडूही. भाऊ हसला नाही. दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा बैठकीतल्या भिंतीवर फ्रेमच्या जागी चौकोनी डाग होता. त्यानं माझ्याशी दीड महिना बोलणं टाकलं. ते मला पटलं. वहिनीनं मला दारापर्यंत सोडलं आणि मी चप्पल घालत असताना म्हणाली, "पोरीइले सांगतलं, बरं केलं. तुमच्या गिऱ्हाइकायले कोन सांगन?"

मी "सांगतो" म्हणालो. आणि दुकानात परत आल्यावर पुन्हा माझं टेप, खडू आणि "शनिवारी या" सुरू झालं. वर्गात एकदा बोलून मोकळं होणं वेगळं. रोज येणाऱ्या बाईला, जी तुमची वाहवा करत आलीय, तिला बाकावर बसवून हे सांगणं वेगळं. आठवडे गेले.

उन्हाळ्यात वहिनी एका नात्यातल्या साखरपुड्यासाठी अमरावतीला आली. दुपारी दुकानात येऊन स्टुलावर बसली. तेवढ्यात माझी एक जुनी गिऱ्हाईक आली, भातकुलीच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई. बारा-तेरा वर्षांपासून माझ्याकडं शिवतात. त्या आरशासमोर उभ्या राहिल्या, मी ओळंबा लावला, वहीत आकडा टाकायला लागलो.

"चुकून राहिलं, भाऊजी," वहिनी स्टुलावरून म्हणाली.

मी थांबलो. बाईंनी वळून बघितलं.

"त्या बाईले ताठ उभं केलं तुमी," वहिनी म्हणाली. "आरशासमोर, मापं घेनाऱ्या माणसासमोर कोनीही ताठच उभं राहीन. हे त्यायचं अंग नाई, हे पाहुन्यात गेल्यासारखं हाय. त्यायले बसवा, बोलतं करा, त्यायची पिशवी खांद्यावर घेऊ द्या. आंग सैल पडू द्या. मंग गोटा लावा."

मला एकदम सगळ्या आठवल्या. ज्या म्हणायच्या की ब्लाऊज दुकानात छान बसतो, मास्तर, पण शाळेत दुपारनंतर जरासा ओढतो. मी त्यांना सांगायचो, कापड आटलं असेल.

"तुमाले माहीत होतं हे?" मी विचारलं. "इतके वर्षं?"

"माहीत नसाले काय झालं."

"मंग बोलल्या नाई कधी?"

"तुमची पद्धत होती न थे," ती म्हणाली, कुठलाही टोमणा न मारता, जसं काही भाजीचा भाव सांगावा. "तुमच्या कामात मी कायले बोलू? आता माही हाय, त बोलते."

बाई ऐकत होत्या. शिक्षिकाच त्या, अर्धवट राहिलेलं वाक्य त्यांना चालत नाही. "कोणाची पद्धत?" त्यांनी विचारलं. "या कोण?"

मी चष्म्याला हात लावला, पण काढला नाही. "या माझ्या वहिनी. हा ओळंबा, हे उघडं कापड, सगळं त्यांचं आहे. मी त्यांच्याकडून घेतलं आणि माझं म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणाला होता, पेपरात वाचलं. ते खोटं होतं."

बाईंनी माझ्या हातातला ओळंबा घेऊन बघितला. मग म्हणाल्या, "घेतलं, की शिकला?"

"घेतलं," मी म्हणालो. "शिकायचं राहून गेलं."

त्या बाकावर बसल्या. वहिनीनं त्यांची पिशवी उचलून त्यांच्या खांद्यावर अडकवली आणि विचारलं, कितवीला शिकवता, पोरं किती, पोरं ऐकतात का. बाई पाचवीच्या वर्गाबद्दल सांगू लागल्या, त्यातल्या एका वांड मुलाबद्दल, आणि सांगता सांगता त्यांचा उजवा खांदा हळूच खाली आला. मी उभा राहून बघत होतो, टेप हातात.

"भाऊजी," वहिनी माझ्याकडं न बघता म्हणाली, "पाहून झालं असन त खडू द्या. आन त्यायचं कापड उघडा."